पोटातला कोळसा आणि टाकीवरचा कोळसा

माहुल हे मुंबईच्या पूर्व उपनगरांतील खाडीकाठचे जुने कोळ्यांचे गाव. त्याच्या शेजारी १९५४ आणि १९५५ या लागोपाठच्या वर्षांत दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, जे आज हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या कंपन्यांकडे आहेत. पुढे याच पट्ट्यात खतांचा कारखाना, वीजकेंद्र आणि द्रवरूप रसायने साठवणाऱ्या टाक्या आल्या, आणि अलीकडच्या काळात तानसा जलवाहिनीच्या कडेच्या वस्त्या हटवल्यानंतर तेथील हजारो कुटुंबांना याच टाक्यांच्या आणि धुराड्यांच्या सान्निध्यात बांधलेल्या सात मजली इमारतींत घरे देण्यात आली. अशा ठिकाणी विषबाधेचा विचार दोन अंगांनी करावा लागतो. एक विष तोंडावाटे पोटात जाते, म्हणजे चुकून प्यायलेले रॉकेल, लहान मुलाच्या हाती लागलेल्या गोळ्या किंवा उंदीर मारण्याचे औषध. दुसरे विष श्वासावाटे, दिसत नसताना आणि वर्षानुवर्षे फुप्फुसात जात राहते. सक्रिय कोळसा, ज्याला औषधाच्या दुकानात ‘ॲक्टिव्हेटेड चारकोल’ म्हणतात, तो या दोन्ही प्रसंगी उपयोगी पडू शकतो. मात्र पहिल्या प्रसंगी त्याची जागा रुग्णाच्या पोटात असते आणि दुसऱ्या प्रसंगी विष जेथून बाहेर पडते त्या टाकीच्या तोंडाशी असते, आणि ही जागा चुकली की त्याचा काही उपयोग उरत नाही.

सक्रिय कोळसा चुलीतल्या किंवा लोहाराच्या भट्टीतल्या कोळशापेक्षा वेगळा असतो. लाकूड, नारळाची करवंटी, दगडी कोळसा यांसारखा कार्बनयुक्त पदार्थ प्रथम हवेचा पुरवठा रोखून भाजला जातो आणि नंतर सुमारे ८०० ते १००० अंश सेल्सिअस तापमानाला त्यावरून वाफ किंवा कार्बन डायऑक्साइड सोडला जातो. या दुसऱ्या क्रियेत कोळशातील काही कार्बन जळून जातो, छिद्रांत अडकलेला डांबरासारखा मळ निघून जातो आणि आत अतिसूक्ष्म पोकळ्यांचे जाळे मोकळे होते. त्यांपैकी अनेक पोकळ्यांचा व्यास २ नॅनोमीटरपेक्षाही कमी, म्हणजे एका मिलिमीटरच्या पाच लाखाव्या भागाहून लहान असतो. परिणामी औषधी प्रतीच्या एक ग्रॅम भुकटीचे आतले आणि बाहेरचे मिळून पृष्ठफळ साधारण १००० चौरस मीटर किंवा त्याहूनही जास्त भरते, म्हणजे चिमूटभर काळ्या भुकटीत खो-खोच्या दोन मैदानांहून अधिक जागा सामावलेली असते. हे मोठे पृष्ठफळ हाच या पदार्थाच्या गुणाचा सगळा आधार असल्यामुळे घरातला लाकडी कोळसा कुटून खाल्ल्याने किंवा पोळी, पाव करपवून खाल्ल्याने तो गुण मिळत नाही.

कोळसा इतर पदार्थांना धरून ठेवतो हे युरोपातील रसायनशास्त्रज्ञांना अठराव्या शतकात माहीत झाले होते. कोळसा वायू शोषतो हे कार्ल शेले यांनी १७७३ साली दाखवले, तर रंगीत द्रावण कोळशातून गाळले की त्याचा रंग उतरतो हे टोबियास लोवित्स यांनी १७८५ साली पाहिले, आणि पुढे साखरेच्या कारखान्यांनी याच गुणाचा उपयोग साखर पांढरी करण्यासाठी केला. विषावरचा उतारा म्हणून त्याची सर्वांत प्रसिद्ध कथा पिएर तुएरी या फ्रेंच औषधनिर्मात्याची आहे. त्यांनी १८३१ साली फ्रेंच अकादमीपुढे प्राणघातक मात्रेच्या कित्येक पट स्ट्रिक्निन कोळशात मिसळून घेतले आणि ते सुखरूप राहिले, असे वैद्यकाचा इतिहास सांगतो. वाफेच्या साहाय्याने कोळसा सक्रिय करण्याची औद्योगिक पद्धत मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी राफाएल फॉन ऑस्ट्रेइको यांच्या पेटंटांमधून आली. पहिल्या महायुद्धात विषारी वायूंचा वापर सुरू झाल्यावर हाच कोळसा सैनिकांच्या मुखवट्यांत बसवण्यात आला आणि त्यासाठी अमेरिकेत करवंट्या व फळांच्या कठीण बिया गोळा करण्याची मोहीम निघाली. म्हणजे श्वासातल्या विषासाठी कोळसा माणूस आणि विष यांच्या मध्ये ठेवावा लागतो, हे तत्त्व शंभर वर्षांपूर्वीच वापरात आले होते.

पोटात कोळशाचे काम कसे चालते हे समजण्यासाठी अधिशोषण ही क्रिया पाहावी लागते. स्पंज पाणी आत ओढून घेतो ते शोषण, तर एखाद्या पदार्थाचे रेणू दुसऱ्या पदार्थाच्या पृष्ठभागाला दुर्बल आकर्षणबलांनी चिकटून राहतात ते अधिशोषण. जठरात किंवा लहान आतड्यात विरघळलेल्या औषधाच्या रेणूंची रक्तात जाण्याआधी कोळशाच्या कणांशी गाठ पडली तर ते त्याच्या छिद्रांत चिकटतात आणि कोळसा स्वतः पचत किंवा शोषला जात नसल्यामुळे त्याच्यासह शौचावाटे बाहेर पडतात. उपचारानंतर रुग्णाला काळे शौच होते ते याच कारणाने, आणि त्यात घाबरण्यासारखे काही नसते. मध्यम आकाराचे, पाण्यापेक्षा चरबीत अधिक विरघळणारे सेंद्रिय रेणू कोळसा चांगले धरतो, आणि बहुसंख्य औषधे याच वर्गात मोडतात. कोळशाचे प्रमाण विषाच्या साधारण दहापट असावे असे प्रयोगशाळेतील अनुभवावरून मानले जाते. पण रुग्णाने नेमके किती गिळले हे सहसा कळत नसल्यामुळे प्रौढाला सामान्यतः ५० ग्रॅम आणि बालकाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे अर्धा ते एक ग्रॅम या हिशेबाने भुकटी पाण्यात कालवून दिली जाते. हे काळे, किरकिरीत, बेचव मिश्रण पिणे मोठ्यांनाही जड जाते, आणि लहान मुलाला ते पाजताना होणारी ओढाताण हीच कधी कधी ठसका लागण्यास आणि ते श्वासनलिकेत जाण्यास कारण ठरते.

या उपचारात सर्वांत निर्णायक बाब वेळेची आहे. निरोगी स्वयंसेवकांना औषधाची निरुपद्रवी मात्रा आणि नंतर ठरावीक अंतराने कोळसा देऊन केलेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २००५ साली अमेरिका आणि युरोपातील विषशास्त्रज्ञांच्या संस्थांनी घेतला. त्यानुसार अर्ध्या तासात कोळसा दिला तर औषधाचे रक्तात जाणे सरासरी ४७ टक्क्यांनी घटले, एका तासाने दिल्यास सुमारे ४० टक्क्यांनी आणि दोन तासांनी दिल्यास केवळ १६ टक्क्यांच्या आसपास. यावरून त्या संस्थांनी असे मत दिले की विषबाधेच्या प्रत्येक रुग्णाला सरसकट कोळसा देऊ नये आणि विष गिळल्यापासून एका तासाच्या आत रुग्ण आला असेल तेव्हा त्याचा विचार प्राधान्याने व्हावा. एक तास ही काही दगडावरची रेघ नव्हे, कारण सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या घेतल्या असतील किंवा जठराची हालचाल मंदावणारे औषध पोटात असेल तर विष अधिक काळ आतड्यात राहते आणि उशिरा दिलेला कोळसाही उपयोगी पडतो. पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेत पहिल्या दोन तासांत दिलेल्या कोळशाने पुढे खऱ्या उताऱ्याची, म्हणजे ॲसिटिलसिस्टीनची, गरज कमी होते असेही आढळले आहे. परंतु चेंबूर किंवा माहुलच्या अंतर्गत रस्त्यावरून अवजड टँकरांच्या रांगेतून वाट काढत सायन, राजावाडी किंवा गोवंडीचे रुग्णालय गाठायला लागणारा वेळ, आणि त्याआधी घरच्या घरी उतारे करण्यात गेलेला वेळ, हा सगळा त्या एका तासातूनच वजा होत असतो.

प्रत्यक्ष रुग्णांवरचा सर्वांत मोठा अभ्यास भारताच्या शेजारी, श्रीलंकेत झाला आणि त्याचे निष्कर्ष महाराष्ट्राच्या ग्रामीण परिस्थितीला जवळचे आहेत. तेथील जिल्हा रुग्णालयांत विष घेतलेल्या ४,६३२ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यादृच्छिक विभागणी करून एका गटाला कोळसा दिला नाही, दुसऱ्याला एकदाच दिला आणि तिसऱ्याला पुन्हा पुन्हा दिला. २००८ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे ६.८, ७.१ आणि ६.३ टक्के आढळले, म्हणजे तीन गटांत अर्थपूर्ण फरक दिसला नाही. यांतील बहुतेकांनी कीटकनाशके किंवा पिवळ्या कण्हेरीच्या बिया घेतल्या होत्या आणि रुग्णालयात येईपर्यंत अनेक तास गेले होते. मात्र याच नियतकालिकात २००३ साली आलेल्या श्रीलंकेतीलच दुसऱ्या अभ्यासात फक्त पिवळ्या कण्हेरीच्या ४०१ रुग्णांचा विचार होता आणि तेथे कोळशाच्या अनेक मात्रा मिळालेल्यांत मृत्यूचे प्रमाण २.५ टक्के, तर एकच मात्रा मिळालेल्यांत ८ टक्के होते. पिवळी कण्हेर, जिला महाराष्ट्रात बिट्टी असेही म्हणतात, ती कुंपणाला आणि देवळाच्या आवारात सर्रास लावली जाते आणि तिच्या बियांतील द्रव्य हृदयाचे ठोके बिघडवते, त्यामुळे हा वाद परका नाही. दोन चांगल्या अभ्यासांचे निष्कर्ष असे वेगळे येतात तेव्हा त्यांतून एवढे निश्चित म्हणता येते की कोळसा हा सर्व विषांवरचा रामबाण नाही आणि तो पूर्णपणे निरुपयोगीही नाही. विष कोणते आणि रुग्ण किती वेळाने आला, यावर त्याचे मोल ठरते.

वारंवार मात्रा देण्यामागचे शास्त्र विशेष पाहण्यासारखे आहे. काही औषधे रक्तात पोचल्यानंतर यकृतातून पित्ताबरोबर किंवा आतड्याच्या भिंतीतून पुन्हा आतड्यात उतरतात आणि तेथून पुन्हा शोषली जातात. आतड्यात सतत कोळसा असेल तर हा फेरा तुटतो आणि रक्तातले औषधही हळूहळू बाहेर खेचले जाते. कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटाल, थिओफिलिन, क्विनिन आणि डॅप्सोन या पाच औषधांच्या जीवघेण्या विषबाधेत असा उपचार विचारात घ्यावा असे १९९९ साली तज्ज्ञांनी सांगितले. यांतील पहिली दोन अपस्माराची औषधे आहेत, आणि डॅप्सोन हे कुष्ठरोगावरील बहुऔषधी उपचारातले औषध असल्यामुळे ते वर्षानुवर्षे अनेक घरांत राहत आले आहे. लहान मुलाने ते गिळले तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते आणि ओठ, नखे निळसर पडतात. अशा बालकाच्या बाबतीत कोळशाच्या ठरावीक अंतराने दिलेल्या मात्रा खरोखर फरक पाडू शकतात.

कोळसा ज्यांना धरतच नाही अशी विषे माहीत असणे हे त्याचे गुण माहीत असण्याइतकेच महत्त्वाचे आहे. मद्यार्क, मिथेनॉल, लोह, लिथियम, शिसे, तीव्र आम्ल आणि अल्कली यांवर त्याचा प्रभाव नगण्य असतो. मुंबईच्या उपनगरांनी याचा सर्वांत भीषण अनुभव जून २०१५ मध्ये मालवणीत घेतला, जेव्हा मिथेनॉलमिश्रित गावठी दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मिथेनॉलचा रेणू अतिशय लहान आणि पाण्यात सहज मिसळणारा असतो, तो काही मिनिटांतच रक्तात जातो आणि यकृतात त्याचे फॉर्मिक आम्लात रूपांतर होऊन दृष्टी आणि प्राण धोक्यात येतात. त्यावर फोमेपिझोल किंवा वैद्यकीय देखरेखीखाली इथेनॉल देणे आणि डायलिसिस करणे हेच उपचार आहेत, आणि कितीही कोळसा पाजला तरी त्याने काही साधत नाही. गरोदर स्त्रियांना सरकारी योजनेतून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या घरातल्या लहान मुलाने गोड गोळ्या समजून खाल्ल्या तरी तेच, कारण लोह कोळशाला चिकटत नाही. संडास धुण्याचे आम्ल किंवा नळी मोकळी करण्याची कॉस्टिक भुकटी गिळली गेली तर कोळसा निरुपयोगी असतोच, शिवाय दुर्बिणीने अन्ननलिका तपासायची झाल्यास त्याचा काळा थर डॉक्टरांची नजर अडवतो. उंदीर मारण्याच्या काही पेस्टमध्ये असणाऱ्या पिवळ्या फॉस्फरसबाबत कोळशाचा निश्चित लाभ सिद्ध झालेला नाही. या विषाचा मोठा धोका असा की पहिल्या दिवसाच्या उलट्या थांबून रुग्ण एक-दोन दिवस बरा वाटतो, घरचे निर्धास्त होतात आणि नंतर यकृत निकामी होऊ लागते, म्हणून त्रास नसला तरी अशा रुग्णाला रुग्णालयातून घरी नेण्याची घाई करू नये.

माहुलच्या संदर्भात या यादीतील सर्वांत महत्त्वाचा वर्ग खनिज तेलापासून बनलेल्या पदार्थांचा आहे. रॉकेल, पेट्रोल, डिझेल, थिनर हे पदार्थ लहान मुलांच्या पोटात जाण्याचे नेहमीचे कारण म्हणजे ते पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवलेले असतात. हे द्रव पोटातून रक्तात थोडेच जातात आणि तेवढ्याने सहसा जीव धोक्यात येत नाही. खरा धोका ते पातळ असल्यामुळे ठसक्याबरोबर किंवा उलटीबरोबर फुप्फुसात घुसण्याचा असतो, कारण तेथे अल्प प्रमाणही वायुकोशांचे अस्तर बिघडवून रासायनिक न्यूमोनिया निर्माण करते. म्हणून अशा मुलाला उलटी करवू नये, त्याचे पोट धुऊ नये आणि त्याला कोळसाही पाजू नये, कारण कोळशाने पोट डचमळून उलटी झाली तर रॉकेल आणि कोळसा दोन्ही फुप्फुसात जातात. मुलाला किमान सहा तास डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवून खोकला, धाप, ताप यांवर लक्ष ठेवणे हाच योग्य मार्ग आहे. तेलाच्या टाक्यांनी वेढलेल्या वस्तीत तेलावर कोळसा चालत नाही ही गोष्ट अंगणवाडीपासून औषधाच्या दुकानापर्यंत सर्वांना ठाऊक असायला हवी.

गुंगीत गेलेल्या रुग्णाच्या बाबतीतही हाच धोका असतो. ज्याची शुद्ध हरपत आहे, ज्याला झटके येत आहेत किंवा ज्याची गिळण्याची व खोकण्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावली आहे, त्याच्या तोंडात कोळसा ओतणे म्हणजे त्याची फुप्फुसे भरणे होय. अशा वेळी आधी श्वासनलिकेत नळी घालून ती सुरक्षित करावी लागते आणि केवळ कोळसा देता यावा म्हणून अशी नळी घालणे सहसा उचित मानले जात नाही. या कारणाने सक्रिय कोळसा हा घरातल्या प्रथमोपचार पेटीतला पदार्थ ठरत नाही. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत तो आहे, त्यामुळे तो सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत मिळणे अपेक्षित आहे, पण तो द्यायचा की नाही हा निर्णय रुग्णाला तपासणाऱ्याचाच असावा.

घरच्यांच्या हाती जे आहे ते त्यामानाने साधे आहे, आणि त्यातील निम्मा भाग काय करू नये याचा आहे. मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याची प्रथा जीवघेणी ठरू शकते, कारण रक्तातील सोडियम एकाएकी वाढून मेंदूवर परिणाम होतो. तूप, कच्ची अंडी, साबणाचे पाणी, घशात बोट घालणे यांनीही वेळ जातो आणि फुप्फुसात द्रव जाण्याची शक्यता वाढते. पाश्चात्त्य देशांत करपलेला पाव, कडक चहा आणि मॅग्नेशियाचे दूध यांचे मिश्रण ‘सार्वत्रिक उतारा’ म्हणून कित्येक दशके सांगितले गेले आणि शेवटी निरुपयोगी ठरून टाकून दिले गेले. उलटी करवण्यासाठी वापरले जाणारे इपिकॅकचे सरबतही घरात ठेवू नये, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००३ साली सांगितले. विषाची बाटली, गोळ्यांचे रिकामे पाकीट किंवा वनस्पतीचा तुकडा बरोबर घ्यावा, विष किती वाजता पोटात गेले हे आठवून सांगावे, रुग्ण गुंगीत असेल तर त्याला कुशीवर झोपवावे आणि १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९९५ पासून चालणाऱ्या राष्ट्रीय विषमाहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक डॉक्टरांप्रमाणे नागरिकांसाठीही आहे. ज्यांनी दुःखाच्या भरात विष घेतले त्यांच्याशी किंवा तसे विचार मनात येणाऱ्यांशी न रागावता बोलणे हाही उपचाराचाच भाग आहे, आणि १४४१६ या ‘टेली मानस’ क्रमांकावर मराठीतही मदत मिळते. शरीर ‘शुद्ध’ करण्याच्या नावाखाली विकली जाणारी कोळशाची चूर्णे आणि काळी पेये यांबद्दल एवढेच सांगणे पुरे की कोळसा चांगले आणि वाईट यांत भेद करत नाही. मधुमेहाची, हृदयाची, अपस्माराची नेहमीची गोळी त्याच्या मागेपुढे घेतली तर तीही तो धरून ठेवतो.

तोंडाखेरीज अन्य मार्गाने शिरलेल्या विषाकडे वळले की पोटातल्या कोळशाची मर्यादा पूर्णपणे उघडी पडते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी आणि शेतमजूर मोठ्या संख्येने आजारी पडले आणि वीसहून अधिक जण दगावले. तेथे कीटकनाशक प्रामुख्याने कातडीतून आणि श्वासातून शरीरात गेले होते. अशा रुग्णाचे कपडे तातडीने उतरवणे, अंग साबण-पाण्याने धुणे, श्वास सांभाळणे आणि सेंद्रिय फॉस्फरस गटाचे विष असल्यास ॲट्रोपिन देणे हे उपचार आहेत. जे विष जठरात गेलेच नाही त्याच्याशी जठरातल्या कोळशाची भेट होत नाही.

माहुलचा मुख्य प्रश्न हाच आहे. पेट्रोलियम पदार्थांच्या आणि द्रव रसायनांच्या टाक्या भरताना, रिकाम्या करताना आणि टँकरांत माल ओतताना बेन्झिन, टोल्युइन, झायलिन यांसारख्या चटकन उडून जाणाऱ्या सेंद्रिय पदार्थांच्या वाफा हवेत मिसळतात. त्यांपैकी बेन्झिन रक्ताच्या कर्करोगाला कारण ठरते हे निर्विवाद सिद्ध झालेले आहे आणि भारताच्या २००९ च्या हवा गुणवत्ता मानकांत त्याची वार्षिक सरासरी मर्यादा प्रति घनमीटर ५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. परळच्या केईएम रुग्णालयाने २०१३ साली या भागात केलेल्या आरोग्य पाहणीत सुमारे दोन तृतीयांश लोकांनी महिन्यातून अनेकदा धाप लागत असल्याचे सांगितले, तर डोळे चुरचुरण्याची तक्रार त्याहूनही अधिक जणांची होती. माहुल आणि आंबापाडा येथील रहिवाशांच्या अर्जावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१५ मध्ये येथील हवेपासून आरोग्याला धोका असल्याचे मान्य केले. पुढे ऑगस्ट २०२० मध्ये न्यायाधिकरणाने दोन तेल कंपन्या आणि दोन साठवणूक कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची पर्यावरणीय भरपाई भरण्याचा आदेश दिला. दरम्यान मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये माहुलला जाण्यास नकार देणाऱ्या विस्थापित कुटुंबांना दुसरीकडे घर द्यावे, अन्यथा दरमहा १५,००० रुपये भाडे द्यावे असे सरकारला सांगितले होते. न्यायालयांपुढे आलेल्या या विषबाधेत गिळलेले काही नव्हते, त्यामुळे उताऱ्याचा शोध रुग्णालयात घेऊन भागत नाही.

बेन्झिन, टोल्युइन आणि झायलिन यांच्या वाफा सक्रिय कोळशाला उत्तम चिकटतात. जो पदार्थ गिळलेल्या रॉकेलवर पाजू नये असे सांगितले जाते, तोच पदार्थ तेलाच्या वाफा हवेत जाण्यापूर्वी पकडण्यासाठी जगभर वापरला जातो, आणि यात विसंगती काही नाही, कारण पोटातली अडचण उलटीची आणि फुप्फुसाची आहे, तर टाकीवर ती अडचण उद्भवतच नाही. बाष्प पुनर्प्राप्ती संयंत्रात टाकीतून किंवा टँकरमधून बाहेर पडणारी हवा सक्रिय कोळशाच्या दाण्यांनी भरलेल्या मोठ्या पात्रातून नेली जाते, वाफा दाण्यांत अडकतात आणि तुलनेने स्वच्छ हवा पुढे जाते; एक पात्र भरत आले की हवा दुसऱ्या पात्राकडे वळवतात आणि पहिल्यातला दाब कमी करून किंवा त्यात वाफ सोडून अडकलेले तेल परत मिळवतात, त्यामुळे कोळसा पुन्हा कामास येतो आणि कंपनीचा मालही वाचतो. तरंगते छप्पर असलेल्या टाक्या, घट्ट बसणारी झाकणे आणि पाइपांच्या सांध्यांतील गळती शोधण्याची नियमित पाहणी यांच्या जोडीने असे संयंत्र वापरले तरच त्याचा पूर्ण उपयोग होतो, कारण जी वाफ कोळशाच्या पात्रापर्यंत येतच नाही ती पकडली जात नाही.

हवेत बेन्झिन किती आहे हे मोजण्याच्या प्रचलित पद्धतीतही हाच कोळसा आहे. बोटाहून बारीक अशा काचेच्या नळीत करवंटीच्या सक्रिय कोळशाचे एकूण दीडशे मिलिग्रॅम दाणे दोन थरांत भरलेले असतात; लहान पंपाने ठरावीक वेळ ठरावीक वेगाने हवा तिच्यातून ओढली जाते, नंतर प्रयोगशाळेत कार्बन डायसल्फाइड या द्रवाने दाण्यांत अडकलेले पदार्थ सोडवून वायू वर्णलेखन यंत्रावर त्यांचे वजन काढले जाते. दुसरा थर पहारेकऱ्यासारखा मागे ठेवलेला असतो: त्यात बेन्झिन लक्षणीय प्रमाणात सापडले तर पहिला थर तुडुंब भरून विष पुढे निसटू लागले होते आणि मोजलेला आकडा खऱ्यापेक्षा कमी आहे, असे समजून तो नमुना बाद करतात.

टाकीवरच्या मोठ्या पात्रालाही हाच नियम लागू पडतो. कोळशाची छिद्रे भरत गेली की बाहेर पडणाऱ्या हवेतील वाफांचे प्रमाण काही काळ जवळजवळ शून्य राहते आणि मग थोड्याच वेळात झपाट्याने चढते. संयंत्र बाहेरून चालू दिसते, पंखे फिरत असतात, पण वस्तीत जाणारी हवा पूर्वीसारखीच असते. मुंबईच्या दमट हवेत पाण्याची वाफही काही छिद्रे अडवत असल्यामुळे ही वेळ कागदावरच्या हिशेबापेक्षा लवकर येऊ शकते. म्हणून संयंत्र बसवल्याचे प्रमाणपत्र पुरेसे धरता येत नाही. पात्राच्या बाहेर पडण्याच्या तोंडाशी सतत मोजणी करणारे यंत्र, कोळसा शेवटचा कधी बदलला याची नोंद आणि ती मोजणी माहुल गावात व विस्थापितांच्या इमारतींत रोज वाचता येईल अशा फलकावर, या तीन गोष्टी असल्याशिवाय त्या कोळशाने किती विष अडवले हे तेथे राहणाऱ्या कोणालाही कळू शकत नाही.